टक्केसाहेबांच्या घरातल्या सात चोऱ्या

आमच्या घरात दहा वर्षांत सात चोऱ्या झाल्या. आज मी हे असं सहज सांगतेय, पण गेल्या मार्चपर्यंत ही गोष्ट फक्त दोघींना माहीत होती, मला आणि माझ्या सासूबाईंना. घरातल्या तिसऱ्या माणसाला, म्हणजे आमच्या ह्यांना, ती कळू द्यायची नाही असं आमचं ठरलेलं होतं. सासू-सुनेचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाल्याचं मला तरी आठवत नाही.

का कळू द्यायची नाही, ते सांगते. आमचे हे देशातले गुन्हे मोजतात. पकडत नाहीत, नुसते मोजतात. प्रत्येक पोलीस ठाण्यातून महिन्याला एक तक्ता येतो, घरफोड्या इतक्या, खिसे कापले इतके, मारामाऱ्या इतक्या. ह्यांच्या कचेरीत एका लांबलचक खोलीत बारा टेबलं आहेत, तिथे या सगळ्याची बेरीज होते आणि वर्षअखेरीला त्याचं एक जाडजूड पुस्तक निघतं. सोळा वर्षं हे चोऱ्यांच्या टेबलावर होते. मग बढती मिळून त्या विभागाचे प्रमुख झाले. आणि काय योगायोग बघा, हे प्रमुख झाले त्याच वर्षापासून देशातल्या चोऱ्या घटायला लागल्या. चोरांना यांच्या बढतीची वर्दी गेली होती की काय कोण जाणे. पहिल्या वर्षी तीन टक्के, दुसऱ्या वर्षी चार, अशा दरसाल घटतच गेल्या.

ह्यांनी काय करावं? एक मोठा आलेखाचा कागद आणून बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला. लोक भिंतीवर डोंगर लावतात, फुलं लावतात, आमच्याकडे चोऱ्यांची रेघ. दर वर्षी पुस्तक निघालं की हे लाल पेन्सिल घेऊन स्टुलावर चढायचे आणि रेघ बोटभर पुढे, बोटभर खाली ओढायचे. पाहुण्यांना वाटायचं, घरात कुणाचा तरी ताप उतरतोय.

‘टक्केसाहेब’ हे नाव खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने ठेवलं. त्याचं दुकान जिन्याच्या पायथ्याशीच आहे, त्यामुळे जाता-येता दोघांची जुंपायची.

"काय टक्केसाहेब, परवा माझी मोठी कात्री गेली की हो. काउंटरवरून."

"ठाण्यात नोंदवलीत?"

"कात्रीसाठी कोण जातंय ठाण्यात? दुकान बंद ठेवून तीन तास बसू?"

"मग चोरी झाली नाही."

"अहो, कात्री नाहीये."

"कात्री नसेल. चोरी झालेली नाही. नोंद नाही, म्हणजे घटना नाही. यंदा साध्या चोऱ्या सहा टक्क्यांनी घटल्यात."

शिंपी कपाळाला हात लावायचा, आणि हे दोन-दोन पायऱ्या चढून वर यायचे. माणूस वाईट नाही हो. उलट इतका सरळ की कचेरीतली टाचणीसुद्धा खिशात घालून घरी येणार नाही. पण एकदा आकडा म्हटला की यांना पुढचं दिसत नाही.

पहिली चोरी झाली ती नेमकी पहिल्या पुस्तकाच्या दिवशी. गच्चीवर कपडे वाळत घातले होते. संध्याकाळी काढायला गेले तर ह्यांच्या कचेरीच्या दोन पँटी गायब. चिमटे तेवढे दोरीवर ठेवले होते, चोरालाही रीत असते. मी तणतणत खाली आले, आता हे आले की सांगते म्हटलं. आणि हे आले ते हातात पुस्तक घेऊन. चप्पल काढायच्या आधी आईच्या पाया पडले. "आई, चोऱ्या घटल्या," म्हणाले, आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघींनी मूग गिळले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच रंगाच्या दोन पँटी घेऊन आले. घाईत कमरेला दीड इंच मोठ्या आल्या. हे आरशात बघून म्हणाले, "अगं, मी बारीक झालो बहुतेक." सासूबाई म्हणाल्या, "काम किती पडतं रे तुला." झालं. एकदा तोंडाला कुलूप लावलं की ते उघडायला दरवेळी आणखी जड जातं.

दोन वर्षांनी माझी सायकल गेली, जिन्याखालून, साखळीसकट. ह्यांनी विचारलं, "सायकल दिसत नाही?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "दादा घेऊन गेलाय." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बिचारा चार स्टॉप पलीकडे राहतो, त्याला गुडघेदुखी, त्याला सायकलवर बसताही येत नाही. पण ह्यांनी ते मनात धरलं. दोन महिन्यांनी म्हणाले, "अजून दिली नाही?" वर्षाने म्हणाले, "माणसाने मागून नेलेली वस्तू परत करावी." त्यानंतर दादा घरी आला की हे त्याच्याशी हवापाण्याच्या पुढे बोलेनात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या सख्ख्या भावाला दिली. मला फार वाईट वाटायचं. पण तोवर रेघ आणखी दोन बोटं खाली गेली होती, आणि हे तिच्याकडे बघत चहा प्यायचे.

मग मागच्या बाजूचा पितळी नळ गेला, त्याचं मी ‘गंजला होता, बदलला’ असं सांगितलं. सासूबाईंच्या नव्या चपला दारातून गेल्या, त्या म्हणाल्या चावत होत्या, टाकल्या. एकदा दाराच्या बेलचं बटण उपटून नेलं. त्यावर हे सहा महिने म्हणत होते, "हल्ली आपल्याकडे कुणी येत नाही." बाजारात माझी पर्स कापली, ती मी शिवून घेतली आणि शिंप्याला दम दिला की वर बोलायचं नाही. एकच चोरी अशी होती की ती मी मनातसुद्धा आणत नसे. तिचं पुढे येईलच.

गंमत सासूबाईंची. त्या दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघून म्हणणार, देश बुडाला, घराघरात चोर शिरलेत. मुलगा समजवायचा, "आई, उलट आहे. घटलेत." त्या म्हणायच्या, "तुझ्या कागदावर घटले असतील." आणि पुढच्याच क्षणी माझ्याकडे बघून डोळे मिचकावणार. मला मेलीला धरणी ठाव देईना.

असं दहा वर्षं निभावलं. मग ह्यांच्या कचेरीत नवीन मोठ्या बाई आल्या. त्यांनी दहा वर्षांचं मिळून एक मोठं पुस्तक काढायचं ठरवलं. ह्यांची रेघ त्याच्या मुखपृष्ठावर येणार होती आणि प्रस्तावना हेच लिहिणार होते. छापील पुस्तकात आयुष्यात पहिल्यांदा नाव येणार म्हणून स्वारी हवेत होती. पण बाईंनी एक अट घातली. म्हणाल्या, ठाण्यातला आकडा एकटा पुरणार नाही. घराघरांत जाऊन विचारा, दहा वर्षांत तुमच्याकडे चोरी झाली का, मग ठाण्यात सांगितलेली असो वा नसो. दोन्ही रेघा जुळल्या तर मुखपृष्ठ तुमचं.

"जुळणारच," हे म्हणाले, आणि स्वतःच कामाला लागले. प्रश्न ह्यांनी लिहिले, नियम ह्यांनी लिहिले. घरं मशीन काढणार, चिठ्ठ्या काढल्यासारखी, वशिला नाही. घरात ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस पुढे सगळ्यात आधी येतो, त्यालाच विचारायचं, नाहीतर दरवेळी बोलघेवडाच उत्तर देतो. विचारताना खोलीत दुसरं कुणी नको. आणि नियम नववा: उत्तर कुणाचं ते कुणी ओळखलं, तरी मरेपर्यंत बोलायचं नाही. जेवताना हे मला एकेक नियम वाचून दाखवायचे आणि मी हं हं म्हणायचे.

"पाहणीतलं एक घर म्हणजे देशातली साडेचार हजार घरं," हे म्हणाले. "एका बाईने खोटं सांगितलं तर साडेचार हजार घरांचं खोटं होतं. चोर परवडला."

मी पानात आणखी भात वाढला.

आणि मशीनने आमचंच घर काढलं. कचेरीत लोक म्हणाले, साहेब, तुमचं घर वगळा. हे भडकले. "माझं वगळलं म्हणजे नमुना बाटला. आलं म्हणजे आलं." घरी येऊन मला म्हणाले, "काही नाही, पाच मिनिटांचं काम. मीच उत्तर देईन."

रविवारी सकाळी दहाला सर्वेवाली मुलगी आली. खांद्याला पिशवी, हातात फळीला लावलेला फॉर्म, आणि पेन फळीला सुतळीने बांधलेलं. आतापर्यंत तीन पेनं लोकांनी ठेवून घेतली म्हणाली. ह्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः समोर सरसावून बसले. तिने विचारलं, घरात मोठी माणसं किती, वाढदिवस कधी?

सासूबाईंची तारीख शाळेत मास्तरांनी लावलेली, एक जानेवारी. ह्यांचा दोन मार्च. माझा वीस एप्रिल. आणि त्या दिवशी होती अकरा मार्च. नऊ दिवसांनी हुकलं हो, फक्त नऊ.

"ताई, तुम्हाला विचारायचंय," ती मला म्हणाली, आणि मग ह्यांच्याकडे वळून, "तुम्ही दोघं जरा बाहेर थांबाल का? नियम आहे."

नियम आहे हे ह्यांना सांगणारी ती जगातली पहिली. हे उठले, आईला हाताला धरलं, म्हणाले, "आम्ही खाली शिंप्याकडे बसतो, दारातसुद्धा नको." दार लावताना मला म्हणाले, "न घाबरता खरं ते सांग." सासूबाई त्यांच्या पाठीमागून मला हातवारे करत होत्या. गप्प राहा म्हणत होत्या की सांगून टाक म्हणत होत्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"गेल्या दहा वर्षांत तुमच्या घरातलं किंवा तुमच्याजवळचं काही चोरीला गेलं का?"

समोर भिंतीवर ती रेघ. हो म्हणावं तर सात गुणिले साडेचार हजार, एकतीस हजार पाचशे चोऱ्या माझ्या जिभेवर बसलेल्या. ह्यांचं पुस्तक, ह्यांचं मुखपृष्ठ, सगळं माझ्या एका शब्दाने बुडणार असं मला वाटत होतं. नाही म्हणावं तर ह्यांनी दोन महिने घासून-पुसून केलेल्या कामात पहिली खोट ह्यांच्याच बायकोची.

"पाणी देऊ का गं तुला?" मी म्हटलं.

"नको ताई. हो की नाही?"

मी तरी उठले आणि पाण्याचा तांब्या आणला.

"बरं, मग नाही लिहिते. पुढे जाऊ," ती म्हणाली, आणि सुतळीचं पेन ‘नाही’च्या चौकोनावर टेकवलं.

आणि का कोण जाणे, मला संताप आला. माझ्या आईची कानातली फुलं गेली होती. आई गेल्यावर तिचं म्हणून तेवढंच माझ्याकडे होतं. आणि ही काल-परवाची पोरगी एका फुलीने लिहिणार की ती कधी गेलीच नाहीत.

"थांब," मी म्हटलं. "सात वेळा."

मग मी सुरू झाले ती थांबेना. पँटी, सायकल, नळ, चपला, बटण, पर्स. तिचा फॉर्म पुरेना, पुरवणी कागद लावला. आणि शेवटी ती फुलं. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. हे पुस्तकाच्या समारंभासाठी चार दिवस परगावी गेले होते. मी सासूबाईंबरोबर दवाखान्यात राहणार, तिथे गर्दी, कुणाचा भरवसा नाही, म्हणून जाताना कानातली फुलं काढून घरात डब्यात ठेवली. चोरांपासून जपायला, बघा. दोन दिवसांनी आले तर कुलूप तुटलेलं. रेडिओ गेला, गजराचं घड्याळ गेलं आणि डबा गेला. हे परत यायच्या आत मी नवं कुलूप लावलं, घर आवरलं आणि मोरीत बसून रडून घेतलं. रेडिओ बिघडला म्हणून सांगितलं. फुलांबद्दल काय सांगायचं तेही तयार ठेवलं होतं, पण ह्यांनी काही विचारलंच नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. चोरीपेक्षा तेच मला जास्त लागलं होतं, आणि तेही मी त्या मुलीला सांगितलं. फॉर्मात त्याला चौकोन नव्हता.

"ठाण्यात का नाही सांगितलं?" तिने विचारलं. "वस्तू किरकोळ होती, उपयोग होणार नाही असं वाटलं, भीती वाटली, की इतर?"

"इतर."

"इतर म्हणजे काय लिहू?"

"घरच्या माणसाला वाईट वाटलं असतं."

तिने ते सात वेळा लिहिलं, अक्षर न बदलता.

हे वर आले ते एवढंच विचारत, "प्रश्न नीट वाचते ना? घाई करत नाही ना?" मी म्हटलं, नाही करत. बस. नियम म्हणजे नियम. एका शब्दाने खोदलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी जिवंत होते की नाही मला ठाऊक नाही. हे दर विसावा फॉर्म स्वतः तपासायचे. त्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण दोन पँटी आणि भावावर घातलेली सायकल असं आणखी कुणाच्या घरात असणार?

एका संध्याकाळी हे घरी आले आणि बोलेनात. जेवण झाल्यावर आरशासमोर उभे राहून पँटची कंबर चिमटीत धरून बघत होते. दुसऱ्या दिवशी आईला नव्या चपला आणल्या. तिसऱ्या दिवशी हातात बेलचं बटण आणि पेचकस. मी समजले. पण तोंडातून चकार शब्द नाही. मी समोर आले की हे उठून आतल्या खोलीत. असं वाटायचं की आता बोलतील, आता रागावतील, आणि हे विचारायचे, मीठ कुठे आहे?

रविवारी ह्यांनी दादाला जेवायला बोलावलं. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा. दादा घाबरतच आला, काही तरी वाईट बातमी असणार असं त्याला वाटलं. हे त्याला आग्रह करकरून वाढत होते. शेवटी हात धुताना म्हणाले, "दादा, त्या सायकलीचं मनावर घेऊ नका."

"कोणती सायकल?" दादा म्हणाला.

"तीच ती. माझं चुकलं."

"अहो, पण कोणती सायकल?"

"जाऊ द्या. मला बोलता येत नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत ‘यांना डॉक्टरकडे नेलं का’ असा सरळ प्रश्न होता. सासूबाई पदार्थ फार छान झालेत म्हणत ताटात तोंड घालून हसत होत्या.

दादाला खाली सोडून हे वर आले, आणि माझा बांध फुटला.

"तुम्ही वाचलंय," मी म्हटलं.

"मला सांगता येत नाही."

"तुमच्या डोळ्यांत दिसतंय तुम्ही वाचलंय."

"नियम नववा," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मला हसावं की रडावं कळेना. "मी काही ओळखलं असेल, तरी बोलायचं नाही. तू सांगितलंस तर गोष्ट वेगळी."

"मग बसा," मी म्हटलं, "आणि ऐका."

मी सातही चोऱ्या पहिल्यापासून सांगितल्या. हे प्रत्येक ठिकाणी "हो का?", "अरे बापरे" असं म्हणत होते, जसं काही पहिल्यांदाच ऐकताहेत. यांना नाटक कधी जमलं नाही. मी पँटीपाशी थांबले तर पुढचं यांच्याच तोंडावर आलं होतं, गिळलं. पण फुलांपर्यंत आले आणि हे "हो का" म्हणाले नाहीत. खाली बघत बसले.

"देशातल्या घराघरांतली कडी-कुलुपं मोजता," मी म्हटलं, "आणि समोर बसलेल्या बायकोचे कान सहा वर्षांत दिसले नाहीत तुम्हाला? तुमच्या रेघेला धक्का लागू नये म्हणून मी माझ्या आईच्या वस्तूसाठी धड रडलेही नाही. तुम्ही निदान विचारायचं तरी."

ह्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "उद्या ठाण्यात जाऊ. नोंदवू."

"आता? सहा वर्षांनी?"

"झालंय ना? मग नोंद हवी."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ह्यांनी मला पाहणीचं सांगितलं. सगळ्या घरांची बेरीज झाली होती. चोऱ्या घटल्या होत्या, पण अगदी थोड्या. ह्यांची रेघ जितकी खाली गेली होती, त्यातला मोठा भाग लोकांनी ठाण्यात सांगणंच सोडल्याचा होता.

"खाली गेलं ते सांगणं," हे म्हणाले. "चोरी नव्हे. मी दहा वर्षं लोकांची चुप्पी लाल पेन्सिलीने काढत होतो."

"मग पुस्तक?"

"दोन्ही रेघा छापायच्या. बाईंना सांगितलंय. मुखपृष्ठावर नकाशा टाकणार आहेत, प्रस्तावना त्याच लिहितील." मग हातातलं तिकीट दुमडत म्हणाले, "वाईट वाटतंय गं." दहा वर्षं ज्याला भ्याले ते शेवटी झालंच होतं, आणि मी नुसता यांचा हात धरला.

ठाण्यातला हवालदार ह्यांना नावाने ओळखत होता, महिन्याचा तक्ता तोच भरून पाठवायचा. त्याने आम्हाला बाकावर बसवलं, आमचं सगळं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"साहेब, चोरी तेव्हाची, पण नोंद आज होणार. म्हणजे यंदाच्या खात्यात येणार. तुमचाच आकडा वाढेल."

"वाढू दे."

"सात वाढतील, साहेब."

"लिहा हो तुम्ही."

हवालदाराने उसासा टाकला आणि लिहायला घेतलं. पँटी झाल्या, सायकल झाली. घरफोडीपाशी आला. रेडिओ एक, घड्याळ एक, कानातल्या फुलांची जोडी एक.

"फुलांचं वर्णन?" त्याने विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे बोलायला लागले.

"लहान, पाच पाकळ्यांची. मधे लाल खडा. डाव्या फुलाची खालची पाकळी दबलेली, ही त्या कुशीवर झोपते म्हणून. उजव्याची फिरकी नवी, जुनी हिच्या भाचीच्या लग्नात हरवली होती, ती जरा पिवळी दिसायची."

हवालदार लिहीत राहिला. मी ह्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं.

"कानात नाहीत ते मी आलो त्याच संध्याकाळी बघितलं," हे म्हणाले. हवालदाराकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "आईच्या डोळ्यात महागातली लेन्स बसली होती. मी दिलेल्या पैशांत ती येणं शक्य नव्हतं. त्याच आठवड्यात तुझे कान मोकळे. मी बेरीज केली. म्हटलं, हिने आपल्या आईची फुलं माझ्या आईच्या डोळ्यासाठी मोडली आणि मला कळू दिलं नाही. विचारलं तर तुला वाईट वाटलं असतं."

लेन्सचे वरचे पैसे ह्यांच्या बहिणीने, वन्संनी, परस्पर भरले होते. भावाला सांगू नको म्हणाल्या होत्या, आणि मीही सांगितलं नव्हतं.

"सहा वर्षं तुम्ही असं समजत होता?"

"रोज," हे म्हणाले. "दर वर्षी बोनस आला की सोनाराच्या दारापर्यंत जाऊन यायचो. तशी आणली तर तू म्हणशील, याला कळलं होतं म्हणजे."

मग मात्र मला आवरलं नाही. भरल्या ठाण्यात, बाकावर, मोरीत रडले होते त्याच्या दुप्पट रडले. ह्यांनी रुमाल शोधला, तो सापडेना, तर हवालदाराच्या टेबलावरचा टिपकागद माझ्या हातात दिला.

"अहो, मग विचारायचं ना," मी म्हटलं.

"तू सांगायचं ना."

"तुम्ही आधी विचारायचं."

हवालदाराने पेनला टोपण लावलं, खुर्ची मागे सरकवली आणि आमचं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.